म्युनिकमधल्या घरी व्हाइसबिअर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घरी व्हाइसबिअर, म्हणजे बव्हेरियाची गव्हाची बिअर, बनवायची असेल तर भांडी घ्यायच्या आधी तीन बाटल्या घ्या: वाइहेनश्टेफानची हेफे (तळाशी यीस्टचा गाळ असलेली), श्नायडर व्हाइसची ओरिजिनाल आणि एर्डिंगर. म्युनिकच्या बहुतेक गेट्रेंकेमार्क्टमध्ये, म्हणजे पेयांच्या दुकानांत, या सुट्या मिळतात. नवीन माणूस मला विचारतो, 'किट कुठलं घेऊ?' मी उलट विचारतो, 'या तिन्हींतला फरक डोळे मिटून सांगता येतो का?' येत नसेल तर किट थांबू शकतं. गव्हाच्या बिअरमध्ये घटक अगदी मोजके असतात. चव बिघडली तर ती कशाने बिघडली हे नाकानेच शोधावं लागतं, आणि नाक काही किटबरोबर येत नाही.

चाखायची पद्धत सोपी आहे. घरातल्या कुणाला तरी तीन पेले भरायला सांगायचं. दोन पेल्यांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. आपण फक्त वेगळा पेला ओळखायचा. बाटली फ्रीजमधून काढून दहाएक मिनिटं बाहेर ठेवा, सात-आठ अंशांना वास नीट उठतो. बर्फगार बिअरमध्ये काहीच कळत नाही. आधी मिसळ किंवा कांदाभजी खाल्ली असेल तर त्या दिवशी हा उद्योग नको. एका पेल्यावरून दुसऱ्याकडे जाताना साधा पाव आणि पाणी पुरतं.

एर्डिंगर सौम्य आहे, कुणालाही आवडेल अशी, आणि म्हणूनच शिकायला थोडी कंटाळवाणी. श्नायडर तांबूस, तिच्यात लवंगेचा मसालेदार वास पुढे येतो. वाइहेनश्टेफानमध्ये केळं आणि लवंग दोन्ही असतात. लवंगेबद्दल खात्री वाटत नसेल तर घरचा एक प्रयोग आहे. साध्या, फिक्या लागर बिअरच्या अर्ध्या पेल्यात डब्यातली एक लवंग टाका, दहा मिनिटांनी काढा आणि शेजारी तीच बिअर लवंगेशिवाय ठेवा. एकदा तो वास नाकात बसला की श्नायडरमध्ये तो लगेच सापडतो.

हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं. केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेट नावाच्या एस्टरचा, लवंगेचा ४-व्हिनाइल ग्वायाकोल या फिनॉलचा. बाटलीत ना केळं असतं ना लवंग. इथल्या मराठी मंडळींच्या जेवणाला मी एकदा घरची बाटली नेली होती. एका वहिनींनी पेला नाकाशी नेला आणि म्हणाल्या, 'भाऊजी, हे तर शिकरण झालं! केळी किती घातलीत?' गहू, बार्ली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं), पाणी आणि यीस्ट याखेरीज काही नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

इतिहासाचा एक तुकडा मात्र सांगायलाच हवा, कारण त्यात गंमत आहे. बव्हेरियाच्या १५१६ च्या शुद्धता फर्मानात बिअरसाठी फक्त बार्ली, हॉप्स आणि पाणी होतं. गव्हाला जागाच नव्हती. तरीही डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला गव्हाची बिअर बनवायचा खास हक्क होता. १६०२ मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि हक्क ड्यूक माक्सिमिलियनकडे गेला. मग राजघराण्याने त्याच गव्हाच्या बिअरवर बक्कळ पैसा केला. पुढे तिची लोकप्रियता ओसरली आणि १८७२ मध्ये गेओर्ग श्नायडरने राजा लुडविग दुसरा याच्याकडून ती बनवण्याचा हक्क मिळवला. वरच्या तिघींमधली श्नायडर ती हीच.

आता कायदा. जर्मनीत छंद म्हणून घरी बिअर बनवता येते. २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत करमाफी आहे, त्याआधी ती २०० लिटर होती. अट एकच, विकायची नाही. तरी सुरू करण्यापूर्वी आपल्या भागातल्या सीमाशुल्क कार्यालयाचे चालू नियम वाचून घ्या. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी स्पष्टच सांगतो: तिकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं गुन्हा आहे. तिथे चाखण्याचा भाग शिका, बनवण्याचा नको. पुण्यात २००९ साली डूलाली ही लहान ब्रूअरी सुरू झाल्यापासून ताजी व्हीट बिअर मिळणं अवघड राहिलेलं नाही.

सामानात जर्मन घरगुती ब्रूअर ज्याला पहिला हात घालतो ते म्हणजे आइनकोखर. मुरंबे-लोणची टिकवायला वापरतात तो २७ लिटरचा विजेवरचा डबा, साधारण शंभर युरोचा. जोडीला झाकणाच्या ३० लिटरच्या दोन प्लास्टिक बादल्या, एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी झडप), हायड्रोमीटर (रसातली साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी), थर्मामीटर, गाळायची जाळी आणि तांब्याची थंड करायची नळी. चकचकीत स्वयंचलित यंत्राचं सुरुवातीला काही काम नाही. त्यात तापमान आपोआप सांभाळलं जातं आणि शिकायचं तेच राहून जातं.

वीस लिटरसाठी मी अडीच किलो गव्हाचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेले दाणे) आणि दोन किलो पिल्सनर मॉल्ट, म्हणजे बार्लीचं फिकं मॉल्ट, घेतो. जर्मन नियमाप्रमाणे व्हाइसबिअरमध्ये निम्म्याहून कमी गहू चालत नाही. हॉप्स जेमतेम: हालरटाउअरचे २५ ग्रॅम, उकळीच्या सुरुवातीला. कडवटपणा मागे राहायला हवा. यीस्टची ११ ग्रॅमची एक पुडी पुरते, पण ती व्हाइसबिअरचीच हवी. एल नावाच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टने बिअर होईल, ना केळं येईल ना लवंग.

मॅशमध्ये, म्हणजे दळलेलं मॉल्ट गरम पाण्यात भिजवताना, पहिला मुक्काम ४४ अंशांवर, वीसेक मिनिटं. लवंगेची तयारी इथेच होते. या तापमानाला मॉल्टमधलं फेरुलिक आम्ल मोकळं होतं आणि पुढे यीस्ट त्याचंच लवंगेच्या वासात रूपांतर करतं. मग ६३ अंशांवर पस्तीस मिनिटं, ७२ वर वीस, आणि शेवटी ७८. आयोडीनचा थेंब पांढऱ्या बशीतल्या द्रवावर टाकून बघा. निळाकाळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, थांबा. पिवळाच राहिला तर पुढे चला. म्युनिकच्या नळाचं पाणी चुनखडीचं, जड. फिक्या बिअरला ते मानवत नाही, म्हणून थोडं सावरमाल्झ, म्हणजे आंबट मॉल्ट लागतं. पण ते ४४ अंशांचा मुक्काम आटोपल्यावरच घाला. आधी घातलंत तर आम्लता वाढते आणि फेरुलिक आम्ल कमी सुटतं.

गाळताना गहू त्रास देतो. बार्लीला टरफल असतं, गव्हाला नाही. त्यामुळे चोथ्याचा लगदा होऊन जाळी तुंबते. भाताचं तूस मूठ-दोन मूठ मिसळलं की रस सरळ वाहतो. हे सांगताना बव्हेरियन शेजाऱ्यांसमोर आवाज जरा खाली ठेवावा, शुद्धतेबद्दल ते हळवे असतात. तासभर उकळी, झटपट थंड करणं, बादलीत ओतणं. उकळीनंतर रसाला जे जे लागेल ते निर्जंतुक हवं. सबंध दिवस जातो आणि त्यातला निम्मा धुण्यात.

खरी बिअर घडते त्यानंतरच्या आठवड्यात, आणि नवखे लोक नेमके तेव्हा बादलीकडे पाठ फिरवतात. माझा आग्रह आहे की पहिल्याच वेळी रस दोन बादल्यांत निम्मा निम्मा करा. यीस्टची पुडीही वजन करून निम्मी निम्मी घाला. एक बादली केलरमध्ये, म्हणजे तळघरात, जिथे सोळा-सतरा अंश असतात. दुसरी स्वयंपाकघरात, बावीसच्या आसपास. आंबताना रस स्वतःही गरम होतो, बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश वर जाऊ शकतं, म्हणून थर्मामीटरची पट्टी बादलीलाच चिकटवा. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओला पंचा गुंडाळला की चांगला फरक पडतो. दुसऱ्या दिवशी फेस झाकणापर्यंत चढतो, त्यासाठीच बादली मोठी हवी. हिवाळ्यात केलरमधली बादली हळू चालते, तिला घाई करू नका.

बाटल्या तयार झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून वास घ्या. एकच धान्य, एकच हॉप्स, एकच पुडी. तरी स्वयंपाकघरातलीला केळ्याचा घमघमाट आणि केलरमधलीला लवंगेची धार. दहा पाककृती वाचून जे डोक्यात शिरत नाही ते इथे एका घोटात शिरतं. मला स्वतःला केलरमधली आवडते. बावीस अंशांची पहिल्या पेल्याला छान लागते, दुसऱ्याला गोडसर होते.

बाटलीत भरताना मात्र ढिलाई नको. व्हाइसबिअरला गॅस जास्त लागतो. मी लिटरमागे ९ ग्रॅम साखर उकळून, थंड करून घालतो. पण हायड्रोमीटरचा आकडा तीन दिवस जागचा हलला नाही याची खात्री झाल्यावरच. आंबणं अर्धवट असताना भरलेली बाटली फुटते आणि काच लांबवर उडते. जाड काचेच्या, व्हाइसबिअरसाठीच्याच किंवा क्लिपच्या झाकणाच्या बाटल्या घ्या. पातळ काचेच्या सजावटीच्या बाटल्या अजिबात नकोत. दोन आठवडे खोलीत, मग थंडीत. आणि लवकर संपवा, या बिअरचा वास टिकाऊ नाही.

पहिली बॅच जमली की बहुतेकांना काहीतरी दणकट करावंसं वाटतं. माझं मत उलटं आहे: पुढची हलकी करा. इथे लाइख्टेस व्हाइसबिअर म्हणून तीन टक्क्यांच्या आसपासची बिअर मिळते, सायकलवरून फिरून आलेले लोक दुपारी ती पितात. नेहमीच्या सुमारे पाच टक्क्यांच्या बिअरपेक्षा ती बनवायला अवघड आहे. वीस लिटरला मॉल्ट तीन किलोच्या आत येतं, त्यामुळे ती पाणचट लागण्याची भीती असते. त्यावर उपाय म्हणजे ६३ अंशांचा मुक्काम कमी करून ७२ चा वाढवायचा. न आंबणारी साखर जास्त राहते आणि तोंडाला भरीवपणा येतो. हॉप्सही थोडे कमी. अशा बिअरमध्ये दोष लपत नाहीत. लोण्याचा वास आला तर यीस्टला काम पुरं करायला वेळ मिळालेला नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर भरताना हवा लागली. दवाखान्यासारखा औषधी वास येत असेल तर पाण्यातल्या किंवा धुण्याच्या द्रवातल्या क्लोरीनचा संशय घ्या.

ओततानाही थोडी हातोटी लागते. उंच पेला थंड पाण्याने विसळा, तिरका धरा, बाटली हळू रिकामी करा. तळाशी दोन बोटं उरली की बाटली गोल फिरवून गाळ उठवा आणि तोही ओता. हेफेचा गढूळपणा आणि बरीचशी चव त्यात असते. बरोबर कोथिंबीर वडी उत्तम जमते. सकाळी बाराच्या आत व्हाइसवुर्स्ट या पांढऱ्या सॉसेजबरोबर प्यायची इथली रीत आहेच, पण आपल्या जिभेला वडी बरी.

हाच छंद पुढे व्यवसाय करावा का, हे तरुण मुलं हमखास विचारतात. रस्ते तीन-चार आहेत. म्युनिकजवळ ग्रेफेल्फिंगला डोमेन्स अकादमी आहे. तिचा बिअर सोमेलिएचा अभ्यासक्रम चाखणं, वाढणं आणि विकणं शिकवतो, त्याने कुणी ब्रूअर होत नाही. बर्लिनच्या फाउएलबे (VLB) या ब्रूइंगच्या संस्थेचा ब्रूमास्टर अभ्यासक्रम इंग्रजीत आहे आणि सुमारे सहा महिन्यांचा. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी असलेल्यांना तो सोयीचा, खर्चिक मात्र आहे. फ्रायसिंगच्या वाइहेनश्टेफानला म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाची ब्रूइंगची पदवी मिळते, तिथे जर्मन चांगलं हवं. पैसे कमी आणि हातांची तयारी असेल तर ब्रॉयर उंड मेल्त्सर (ब्रूअर आणि मॉल्ट बनवणारा) हे तीन वर्षांचं आउसबिल्डुंग, म्हणजे ब्रूअरीत काम करत घ्यायचं प्रशिक्षण, मला सर्वांत प्रामाणिक वाटतं. पगार थोडा, पण सुरू पहिल्या महिन्यापासून. टाक्या घासणं, पोती उचलणं आणि पहाटे उठणं याची तयारी हवी.

मुलाखतीला घरच्या बॅचची वही घेऊन जा. तारीख, तापमान, हायड्रोमीटरचे आकडे, चाखल्यावरच्या नोंदी, सगळं तिच्यात असू द्या. लहान ब्रूअरीत आधी आठवडाभर प्राक्टिकुम, म्हणजे अनुभवासाठीचं काम, मागून बघा, पुष्कळ ठिकाणी घेतात. आउसबिल्डुंग बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतं, त्यामुळे अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागतो आणि भाषेची परीक्षा त्याच्याही आधी उरकावी लागते.