सिंक बंद करून बघा: लॅपटॉपवर टर्नटेबलचा कान कसा तयार करायचा

डीजेला दोन गाण्यांचा वेग जुळवावा लागतो. ते काम लॅपटॉप ‘सिंक’ या बटणाने स्वतः करतो आणि टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवायच्या यंत्रावर, तेच काम कान आणि बोटं करतात. लॅपटॉपवाल्याला हिणवायचं असेल तर एवढा मुद्दा पुरतो. पण ज्याच्याकडे फक्त लॅपटॉप आणि छोटा कंट्रोलर (लॅपटॉपला जोडायचा बटणांचा आणि चाकांचा पाट) आहे, त्यालाही हे कसब कमावता येतं. त्यासाठी लॅपटॉपची मदत काढून घ्यायची. शिवाय लॅपटॉपचं स्वतःचं वेगळं काम असतं, तेही यायला हवं. दोन्ही इथे आहे.

आधी स्क्रीन झाका

सेराटो, रेकॉर्डबॉक्स, ट्रॅक्टर, डीजेचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल. सिंक बंद, क्वांटाइझ (गाणं आपोआप ठोक्यावर बसवणारी सोय) बंद, की-लॉकही (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद. की-लॉक नसला की वेग बदलताच सूर चढतो-उतरतो. साधारण ६ टक्के वेग वाढला की गाणं अर्ध्या सुराने वर जातं. रेकॉर्डवर हेच होतं, त्यामुळे कानाला तीच सवय लागते. मग बीपीएमचा (मिनिटाला किती ठोके) आकडा आणि वेव्हफॉर्म (आवाजाची नक्षी) दिसतात तिथे स्क्रीनवर कागदाची पट्टी चिकटवा. डोळ्यासमोर आकडा असेल तर कान काम करत नाही.

पिचची, म्हणजे वेग बदलणाऱ्या सरकत्या फेडरची, रेंज ±८ टक्के ठेवा. टेक्निक्सच्या एसएल-१२०० एमके२ या १९७९ सालच्या टर्नटेबलची रेंज तीच आहे. स्वस्त कंट्रोलरवर तर हे फारच महत्त्वाचं. त्यातल्या बऱ्याच फेडरना वरपासून खालपर्यंत फक्त १२८ पायऱ्या असतात. ±८ वर एक पायरी साधारण ०.१३ टक्के पडते, म्हणजे १२८ बीपीएमच्या गाण्यात ०.१६ बीपीएम. रेंज ±१६ केली की पायरी दुप्पट होते आणि मग कितीही नाजूक हात असला तरी वेग नेमका बसत नाही. दोष फेडरचा असतो आणि शिकणारा स्वतःला दोष देत बसतो.

ऑडिओ बफर, म्हणजे आवाज बाहेर पडण्याआधी लॅपटॉप जेवढा साठवून ठेवतो तो, २५६ सॅम्पलवर ठेवा, ४४.१ किलोहर्ट्झला तो जेमतेम ६ मिलिसेकंद होतो. १०२४ वर तो २३ पर्यंत जातो आणि जॉग व्हील (कंट्रोलरवरचं हाताने फिरवायचं चाक) चिखलात फिरवल्यासारखं लागतं. आवाज तुटायला लागला तरच बफर वाढवा. ब्लूटूथ हेडफोन इथे बाद. त्यातला आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, तर १२८ बीपीएमला अख्खी एक बीटच ४६९ मिलिसेकंदांची असते.

जुळवणी

पहिल्या आठवड्यात एकच गाणं दोन्ही डेकवर, म्हणजे गाणं वाजवायच्या दोन्ही बाजूंवर, लावा. किक (ढोलासारखा जाड ठोका) आणि टाळी स्पष्ट असलेलं, मशीनच्या तालावरचं हाउस किंवा टेक्नो घ्या. डेक ‘अ’ शून्यावर ठेवा आणि ‘ब’चा फेडर दुसऱ्या कुणाला तरी हलवायला सांगा.

‘ब’ हेडफोनमध्ये, ‘अ’ स्पीकरवर, एक कान उघडा. आधी सम ओळखा. हाउसमधले चार ठोके धरायला केरवा येणाऱ्याला वेळ लागत नाही. अडचण येते ती आठ बारची (एक बार चार ठोक्यांचा), म्हणजे ३२ ठोक्यांची मोठी सम ऐकायला. तिथे सहसा एखादी झांज, नवा बेस किंवा क्षणभर शांतता येते. ‘ब’ त्या समेवरच सोडा.

सोडल्यावर दोन किक एकमेकांवर बसल्या तर एकच ‘धप्प’ येतं. सरकल्या की ‘धडप, धडप’ असा घोडा दौडायला लागतो. आता कोण पुढे आणि कोण मागे हे कळत नाही, नवशिक्याची गाडी इथेच अडते. अंदाज बांधत बसू नका. ‘ब’च्या जॉगची कड हलकेच पुढे ढकला. घोडा जास्त दौडला तर ‘ब’ आधीच पुढे होता, शांत झाला तर मागे होता. किक जुळल्या की हात काढा आणि ऐका. पुन्हा मागे पडला तर फेडरने वेग वाढवा, पुन्हा पुढे पळाला तर कमी करा. दर वेळी आधीच्या निम्मं हलवायचं: ४ टक्के जास्त झालं तर २, ते कमी पडलं तर ३, मग अडीच. पाच-सहा वेळात वेग सापडतो.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे जॉगने ढकलत राहायचं आणि फेडरला हातच लावायचा नाही. जॉग जागा दुरुस्त करतो, वेग नाही. दोन गाण्यांत ०.१ बीपीएमचा फरक राहिला तर एका मिनिटात, म्हणजे १२८ बीपीएमवरच्या ३२ बारमध्ये, ते जवळपास ४७ मिलिसेकंद सरकतात. एवढ्यात घोडा ऐकू येतो. म्हणून लक्ष्य असं ठेवा: हात न लावता एक मिनिट धप्प टिकलं पाहिजे. मग वेगळी गाणी घ्या. १२४ चं गाणं १२८ ला आणायला सुमारे ३.२ टक्के लागतात, पण हा हिशेब जुळवणी झाल्यावर पट्टी काढून तपासण्यासाठी आहे, आधी बघण्यासाठी नाही.

तेच टर्नटेबलवर

कान तोच, हात वेगळा. डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मोटर थेट तबकडी फिरवते असं टर्नटेबलच हवं. बेल्टवाल्यावर रेकॉर्ड धरून ठेवली की बेल्ट घसरतो आणि सोडल्यावर वेग धरायला उशीर होतो. एमके२ सुरू केल्यापासून ०.७ सेकंदात पूर्ण वेग घेतं. तरीही प्लॅटर, म्हणजे रेकॉर्डखालची तबकडी, फिरतच ठेवायचं असतं. खाली स्लिपमॅट (घसरणारं कापड) असल्याने वरची रेकॉर्ड बोटाने धरायची आणि सोडताना किंचित पुढे लोटायची. नुसतं बोट उचललं तर पहिली किक आळसावून येते.

मागे पडली तर लेबलवर बोट ठेवून पुढे ढकला, पुढे गेली तर प्लॅटरच्या कडेला बोट नुसतं टेकवा. जोर लावला की सूर लचकतो आणि सगळ्यांना ऐकू जातो. एमके२ चा फेडर शून्याच्या खाचेजवळ अडखळतो, त्या पट्ट्यात वेग हवा तसा बसत नाही. म्हणून दोन्ही रेकॉर्ड शून्याजवळ नकोत, दोन्ही दीड-दोन टक्के वर घ्या.

सुईचं वजन लावताना आधी आर्म, म्हणजे सुईचा दांडा, हवेत सपाट तरंगेल असं मागचं वजन फिरवा, आकड्यांची कडी शून्यावर आणा आणि मग वजन कडीसकट हवं तितकं फिरवा. डीजे कार्ट्रिजला (सुई बसवलेल्या डबीला) साधारण ३ ते ४ ग्रॅम लागतात, नेमका आकडा कार्ट्रिजच्या कागदावर असतो. कमी पडलं तर सुई उडते, जास्त झालं तर रेकॉर्ड झिजते. मांडवातल्या डुगडुगत्या टेबलावर सबवूफरचा धक्का सुईपर्यंत पोचतो आणि ‘हूंऽऽ’ सुरू होतं. सबपासून लांब, जड फरशीवर आणि फरशीखाली फोम ठेवून टर्नटेबल मांडा. हूं तरीही राहिली आणि एकसुरी असेल तर ती विजेची गुणगुण आहे. ग्राउंडची वायर मिक्सरच्या स्क्रूला लावली आहे का बघा. आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येत असेल तर केबल मिक्सरच्या ‘फोनो’ खाचेऐवजी ‘लाइन’ खाचेत गेली आहे.

यातलं एकही काम कंट्रोलरवाल्याला करावं लागत नाही. लॅपटॉप सोपा म्हणतात त्याचं अर्धं कारण इथे आहे.

मधला रस्ता टाइमकोडचा. रेकॉर्डवर गाण्याऐवजी एक शिटीसारखा सिग्नल कोरलेला असतो आणि त्यावरून सॉफ्टवेअर जागा, वेग आणि दिशा ओळखतं. रेन या कंपनीने काढलेलं सेराटो स्क्रॅच लाइव्ह २००४ मध्ये आलं आणि ही पद्धत क्लबमध्ये रुळली. इथे हाताला टर्नटेबलइतकंच कसब लागतं. दिशा डाव्या-उजव्या चॅनेलमधल्या फरकावरून कळते, म्हणून एक चॅनेल गेला की सॉफ्टवेअर गोंधळतं. स्क्रीनवरचं वर्तुळ चपटं होऊन रेघ दिसली की लॅपटॉप रीस्टार्ट करू नका. हेडशेल (आर्मच्या टोकाचं, कार्ट्रिज बसवलेलं डोकं) काढा, मागचे चार पिन कोरड्या कापडाने पुसा, परत घट्ट बसवा.

लॅपटॉपचं स्वतःचं काम: ग्रिड

सिंक गाणं ऐकत नाही. ते बीटग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या रेघा, जुळवतं. रेघ चुकली तर सिंक बिनधास्त चुकीचं जुळवतं. मशीनच्या तालावरच्या गाण्यांत हे क्वचित होतं. पण आपल्याकडच्या लग्नात आणि मिरवणुकीत वाजणारी जुनी हिंदी-मराठी गाणी खऱ्या ढोलकी-तबल्यावर रेकॉर्ड झालेली आहेत. अंतऱ्यात वादक रंगात येतो आणि लय वाढते. एकाच बीपीएमची ग्रिड तिथे टिकत नाही.

दुरुस्ती अशी: पहिल्या स्पष्ट समेवर अँकर (ग्रिड जिथे पक्की करायची ती खूण) लावा, मेट्रोनोम चालू करा आणि ऐकत जा. टिकटिक ठोक्यापासून सुटली की तिथल्या समेवर दुसरा अँकर, पुढे तिसरा. एका गाण्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. दादऱ्यातलं गाणं असेल तर सहा मात्रांवर चारची ग्रिड बसवून सॉफ्टवेअर समच हरवतं, तिथे सिंकचा नाद सोडा. ७० चं गाणं १४० दाखवलं तर दुप्पट-निम्मं करायचं बटण आहेच.

आणि ग्रिड अचूक असली तरी सिंक फक्त ठोके जुळवतं. आठ बारची सम, गेन (गाण्याच्या आवाजाची पातळी) आणि दोन बेस एकत्र आल्यावर होणारा चिखल हे सगळं तुमच्याकडेच. नव्या गाण्याचा लो ईक्यू (बेस कमी-जास्त करायचं बटण) पूर्ण खाली ठेवून ते आत घ्या. मोठ्या समेवर जुन्याचा लो खाली, नव्याचा वर, दोन्ही हात एकाच ठोक्यावर.

गोव्यात हणजूणच्या पार्ट्यांत १९९० च्या दशकात बरेच डीजे डॅट (डिजिटल टेपच्या) कॅसेट वाजवायचे, कारण उन्हात आणि धुळीत रेकॉर्ड वाकायच्या, खराब व्हायच्या. साध्या डॅट मशीनला वेग बदलायची सोयच नव्हती. मग किक जुळवायचा प्रश्नच उरला नाही आणि सगळा भार पुढचं गाणं कोणतं आणि ते केव्हा सोडायचं यावर आला. ‘सिंक वापरतो तो डीजे नाही’ म्हणणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा.

तपासणी

महिन्याभराने अर्ध्या तासाचे दोन सेट रेकॉर्ड करा, एक सिंक लावून, एक झाकलेल्या स्क्रीनवर. दोन दिवस थांबा, मग हेडफोनवर ऐका. झाकलेल्या सेटमध्ये प्रत्येक जोडाला घोडा किती सेकंद दौडला ते लिहा. पाच सेकंदांच्या आत आवरला तर हात बसतोय. सिंकवाल्या सेटमध्ये ठोके बघू नका. नवं गाणं मोठ्या समेवर आलं का आणि बेस एकत्र घुसले का, एवढंच लिहा. ज्या कागदावर चुका जास्त, पुढचा महिना त्या कामाला द्या.