संशोधनाचे प्राधान्यक्रम ठरवताय? या चुका टाळा

ठाणे जिल्ह्यातल्या छोट्या संस्था आणि सार्वजनिक आरोग्याचे विद्यार्थी 'आपल्या भागात कशावर संशोधन हवं' याची यादी करायला बसतात, तेव्हा साधारण एकच घडतं. दुपारी बैठक होते, विषयांना गुण दिले जातात, एक्सेलमध्ये सरासरी निघते आणि आधीपासून सगळ्यांच्या मनात असलेलाच विषय पहिला येतो. मग गुण द्यायची पद्धत बदलून बघतात. बिघाड तिथे क्वचितच असतो. फळ्यावर यादी लिहितानाच तो होऊन गेलेला असतो.

आजाराचं नाव लिहून थांबणं

'टीबी', 'कुपोषण', 'मधुमेह' यांना गुण द्यायचे तरी कसे? १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगाव छावणीत कॉलरा पसरला. उपचार माहीत होता: शिरेतून सलाईन. पण सलाईनचा साठा संपत आला होता. डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेलं पाणी रुग्णांच्या नातेवाइकांनाच पाजायला दिलं. छावणीत आधी सुमारे ३० टक्के रुग्ण दगावत होते, ते प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं. त्यांचा प्रश्न नेमका होता: सलाईन आणि परिचारिका नसताना घरच्या माणसाच्या हातून उपचार होईल का?

फळ्यावरची प्रत्येक ओळ अशी लिहा. शेजारी एक रकाना ठेवा: उत्तर मिळालं तर कोण काय वेगळं करेल? आशाताई, वैद्यकीय अधिकारी की पालिकेचा पाणीपुरवठा विभाग? रकाना कोरा राहिला तर ओळ पुसा. (यादी निम्मी होते. होऊ दे.)

बातमीमागे धावणं

काँगोच्या पूर्वेला सशस्त्र गटांच्या लढाया चालू असतानाच २०१८ ते २०२० मध्ये इबोलाची साथ आली आणि २,२८७ माणसं गेली. त्याच देशात २०१९ पासून वर्षभरात गोवराने ६,००० हून अधिक बळी घेतले, बहुतेक लहान मुलं. जगाचं लक्ष मात्र इबोलाकडे. गोवराची लस १९६० च्या दशकापासून आहे. ती मुलापर्यंत का पोचत नाही, हे शोधायला हवं होतं. २०२२ च्या अखेरीस भिवंडीत गोवर पसरला तेव्हाही प्रश्न त्याच जातीचा होता. 'किती जीव जातात' आणि 'आपल्याला काय माहीत नाही' हे दोन रकाने वेगळे ठेवले की गोंधळ बराच कमी होतो.

जिल्ह्याचा आकडा तसाच उचलणं

ही चूक आपल्याकडची खास. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला. पण २०१५-१६ चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर बेतलेलं होतं. त्यातल्या 'ठाण्या'त आता पालघरमध्ये असलेले जव्हार, मोखाडा, डहाणूही आहेत. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात पालघर स्वतंत्र आहे. दोन आकडे शेजारी ठेवून 'ठाण्यात सुधारणा झाली' म्हणणाऱ्याने निम्मा नकाशाच बदललाय. तालुक्यापर्यंत उतरा, शहापूर आणि घोडबंदर रोड यांची सरासरी कोणाच्याच उपयोगाची नाही.

युद्धग्रस्त भागात हे फार गंभीर होतं. सीरियात सरकारी आणि विरोधकांच्या ताब्यातल्या भागांसाठी साथींवर नजर ठेवणाऱ्या दोन वेगळ्या व्यवस्था होत्या. एकीचाच नकाशा घेतला तर उरलेला देश निरोगी दिसतो.

बैठकीला येणाऱ्यांचीच यादी

संशोधनाचे विषय निवडायला बहुतेक ठिकाणी वापरतात ती सीएचएनआरआय (चाइल्ड हेल्थ अँड न्यूट्रिशन रिसर्च इनिशिएटिव्ह) पद्धत पाच गोष्टी तपासते: उत्तर मिळण्यासारखं आहे का, उपाय परिणामकारक ठरेल का, लोकांपर्यंत पोचेल का, आजाराचं ओझं किती घटेल, आणि वंचितांना न्याय मिळेल का. पद्धत चांगलीच आहे. पण गुण देणारे सगळे डॉक्टर असतील, तर पाचव्या प्रश्नाचं उत्तर ते अंदाजाने देतात.

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमध्ये स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोग तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदवहीवरून प्राधान्य ठरवलं असतं तर हा विषय यादीतच आला नसता.

इथे उपाय वेळापत्रकात आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत शहापूरच्या पाड्यावर बैठक घेतली तर म्हातारी माणसंच भेटतील, भट्टीवर जा. यंत्रमागावरची पाळी बारा तासांची असते. तुर्भ्याच्या नाक्यावर सकाळी माणूस काम शोधत असतो, तुमच्या प्रश्नावलीसाठी तो थांबणार नाही. संध्याकाळी वस्तीत भेटा, आणि बुडालेल्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात धरा. कागदपत्रं नसलेल्या मजुराचं नाव लिहून घेऊ नका.

पहिल्या क्रमांकाचा हट्ट

यादीतल्या पहिल्या आणि चौथ्या प्रश्नाच्या गुणांत फरक दशांशाचा असेल तर तो फरक नव्हेच. 'आत्ता', 'नंतर' आणि 'आपल्याला जमणार नाही' असे तीन गट करा. यादीवर तारीख घाला. वस्ती हलली, पूर आला, निधी बदलला की नव्याने बसा, आणि त्या वेळी भट्टीवरच्या बायकांनी सांगितलेल्या ओळी आधी वाचा.