इम्प्लांट करताय? मग या चुका टाळा

दात काढल्यावर "बघू नंतर" म्हणत दोन-दोन वर्षं घालवणारे आणि इम्प्लांट करायचं ठरलं की "पुढच्या रविवारी कॅप मिळेल ना?" विचारणारे पेशंट बहुतेक वेळा एकच असतात. पुण्यात कोथरूडला माझं क्लिनिक आहे आणि हे मी रोज ऐकते. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर नंतर दातासारखी कॅप बसते. दात गेला की तिथलं हाड झिजायला लागतं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त, म्हणजे घाई करायची तर इथे करा.

स्क्रू बसवल्यावर मात्र थांबायचं. टायटॅनियमला हाड धरायला खालच्या जबड्यात साधारण ३ महिने लागतात, वरचं हाड जरा भुसभुशीत असतं म्हणून तिथे ४ ते ६. स्वीडनच्या डॉ. ब्रॅनेमार्कांनी १९६५ मध्ये पहिल्या पेशंटला असे इम्प्लांट बसवले तेव्हापासून आजपर्यंत हाडाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. लगेच कॅप बसवता येते, पण स्क्रू पहिल्याच दिवशी हाडात घट्ट बसला असेल तरच, आणि ते डॉक्टरने ठरवायचं, मुलाच्या लग्नाच्या तारखेने नाही.

आता माझा सगळ्यात मोठा राग. कागद न ठेवणं! हडपसरच्या एक मावशी आल्या, खालच्या दाढेची कॅप हलतेय, "इम्प्लांट गेला हो डॉक्टर" म्हणून डोळ्यात पाणी. एक्स-रे काढला तर हाड एकदम छान, फक्त कॅप इम्प्लांटला धरून ठेवणारा आतला छोटा स्क्रू सैल झालेला, म्हणजे खरं तर अर्ध्या तासाचं काम. पण इम्प्लांट कुठल्या कंपनीचा? माहीत नाही. जिथे केला ते क्लिनिक बंद झालेलं, फाईल नाही, काहीच नाही. बऱ्याच कंपन्यांचे स्क्रू-ड्रायव्हर वेगवेगळे, टोकाचा आकार किंचित जरी चुकला तरी स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो निघता निघत नाही. मग एक्स-रेचा फोटो ओळखीच्या डॉक्टरांना, कंपन्यांच्या माणसांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवत बसलो, आकारावरून कंपनी ओळखली, ड्रायव्हर मागवला, आणि तोपर्यंत मावशी एका बाजूने वरणभात खातायत. प्रत्येक इम्प्लांटच्या डबीवर स्टिकर असतं, कंपनी, साईज, लॉट नंबर सगळं त्यावर. ते मागून घ्या, फोटो काढून घरातल्या दोघांना तरी पाठवून ठेवा. मी ते पेशंटच्या हातात दिल्याशिवाय सोडतच नाही.

मिश्री. "तंबाखू खाता का?" विचारलं की नाही म्हणतात, "मिश्री लावता का?" विचारलं की हो, सकाळ-संध्याकाळ. अहो, ती भाजलेली तंबाखूच आहे, आणि थेट हिरडीवर घासताय! जखम भरत नाही, इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो. सिगरेट, गुटखा तेच. मी आता मिश्रीचं नाव घेऊनच विचारते.

शुगर कंट्रोलमध्ये नसेल तर आधी ती आणा. हाडं ठिसूळ झाली म्हणून गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असतील तर न विसरता सांगा, त्यातल्या काहींमुळे जबड्याच्या हाडाला गंभीर त्रास होऊ शकतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, हार्टच्या डॉक्टरांना विचारा. सीबीसीटी स्कॅनचे, म्हणजे जबड्याच्या थ्रीडी एक्स-रेचे, पैसे वाचवू नका, खालच्या जबड्यातून नस जाते आणि वर सायनस, म्हणजे नाकाशेजारची हवेची पोकळी, असतो, ते नीट बघूनच स्क्रू टाकायचा असतो. वाढत्या वयाच्या मुलांना इम्प्लांट नको. खर्च झेपत नसेल तर स्वस्तातली स्कीम शोधत फिरण्यापेक्षा धनकवडीच्या भारती विद्यापीठासारख्या डेंटल कॉलेजात जाऊन चौकशी करा, तिथे शिकणारे डॉक्टर सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ लागतो, पण काम नीट होतं.

आणि कॅप बसली की काम संपलं असं धरून चालतात त्यांच्यासाठी. इम्प्लांट किडत नाही, हे खरं. पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजते आणि खालचं हाड झिजतं, आणि इम्प्लांटला स्वतःची नस नसल्यामुळे बरेचदा दुखतच नाही. रोज रात्री कॅपच्या दोन्ही बाजूंनी दातांच्या फटीतला छोटा ब्रश फिरवा, नुसत्या टूथब्रशने तिथलं निघत नाही. वर्षातून एकदा तपासणी, लागेल तेव्हा एक्स-रे. ब्रशला रक्त लागलं तर त्याच आठवड्यात दाखवा, तेव्हा बहुतेकदा नीट सफाईवर भागतं, नंतर हिरडी उघडून काम करावं लागतं.