गजवाले आणि गिटारवाले: एकत्र तालीम बसवताना

व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि दोन इलेक्ट्रिक गिटार असा जमाव तालमीला बसला की पहिलं भांडण आवाजावरून होतं. गजवाले म्हणतात, गिटार कमी करा. गिटारवाला म्हणतो, मला माझंच ऐकू येत नाही. मी स्वतः गिटारवाला, तरी इथे बाजू गजवाल्यांची घेतो. अँप जमिनीवर आणि त्याचं तोंड वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे असेल, तर त्याला ऐकू येणार कुठून? मग तो बटण पिळत राहतो. अँप खुर्चीवर ठेवा, जरा मागे कललेला, तोंड वाजवणाऱ्याच्याच कानाकडे. तालमीच्या खोलीला ५ वॉटचा ट्यूब अँप रगड झाला. चेलोवाल्याला बोटाने तार छेडायला सांगा आणि गिटारचा साफ स्वर त्याच्या जोडीला आणून ठेवा. पातळी ठरली.

एवढं करूनही वाद्यं मिसळत नाहीत, ती स्वराच्या सुरुवातीमुळे. पिकचा (गिटार छेडायच्या चकतीचा) स्वर टचकन उभा राहतो आणि लगेच उतरायला लागतो. गजाचा हळूहळू भरतो आणि हवा तेवढा टिकतो. तेव्हा लांब स्वरांच्या जागी गिटारची टोचणी काढून टाकायची: व्हॉल्यूमचं बटण शून्यावर, तार छेडायची, मग करंगळीने बटण उघडत न्यायचं. व्हॉल्यूमचं पेडल असेल तर पायाने. ईबो नावाचं हातात धरायचं यंत्र असेल तर प्रश्नच नाही, ते तार चुंबकाने हलती ठेवतं. इकडे गजवाल्यांनीही थोडं सरकायचं. गिटार साफ असेल तर गज बोटं दाबतात त्या पट्टीच्या बाजूला घ्या, स्वर मऊ होतो. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज, लागलं की गज तारा टेकतात त्या घोडीजवळ न्या. तिथे वरचे उपस्वर (मूळ स्वराच्या पोटात वाजणारे बारीक स्वर) खरखरीत बाहेर येतात आणि कोणता आवाज कुणाचा ते कळेनासं होतं. अशा एकत्र वाजवण्यात हवं असतं तेच.

डिस्टॉर्शनवर जरा थांबू, कारण खरी गंमत तिथे आहे. एका अँपमधून दोन स्वर एकदम गेले की डिस्टॉर्शन त्यांच्या फरकाचा तिसरा स्वर तयार करतं. षड्ज-पंचम वाजवा, तिसरा स्वर षड्जाच्या एक सप्तक खाली बसतो, म्हणून रॉकवाले पंचमावर जगतात. षड्ज-गंधार वाजवा. गिटारच्या पडद्यांवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग, तेव्हा १४ सेंट म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण खाली दोन सप्तकांवर जो फरकाचा स्वर निघतो तो सुमारे ६७ सेंट चढतो, अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त. खोलीत चिखल होतो तो त्याचा. उपाय सोपा: ई हा षड्ज असेल तर गिटारने ई आणि बी (पंचम) एवढेच धरायचे, जी शार्प (गंधार) व्हायोलाला द्यायचा आणि त्याला सांगायचं, ट्यूनर बघू नकोस, कानाने खाली लाव. गंधार गिटारकडेच हवा असेल तर दुसऱ्या गिटारला द्या, तिच्या स्वतःच्या अँपमधून. दोन स्वर एका अँपमध्ये भेटले नाहीत की ही भानगडच नाही. गंधार मात्र तेवढा चढाच राहील.

उपस्वरांसाठी न्यूयॉर्कचा रचनाकार रीस चॅटम याचं १९७७चं 'गिटार ट्रायो' ऐका: एका ई भोवती फिरणारे उपस्वर, बस्स. हा माणूस आधी ला माँट यंग या रचनाकाराचे पियानो जुळवायचा आणि यंग पंडित प्राणनाथांचा शागीर्द, म्हणजे किराणा घराण्याचा. त्याच घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या मिरजेशी न्यूयॉर्कच्या या गोंगाटाचं असं लांबून नातं लागतं. मला ते ऐकूही येतं, पण तो माझा हट्ट समजा. तारवाद्यांच्या बाजूने अमेरिकन रचनाकार जॉर्ज क्रमचं १९७०चं 'ब्लॅक एंजल्स' हे चार गजवाद्यांचं काम ऐका. तिथे गिटार नाही, पण चौघांची वाद्यं विजेवर आहेत आणि काचेच्या पेल्यांवरही गज फिरतो.

सूर लावताना एक बघा. चेलोवाला ए वरून शुद्ध पंचमांनी खाली उतरतो, त्यामुळे त्याचा सर्वांत खालचा सी गिटारपेक्षा सुमारे ६ सेंट उतरा पडतो. रचनेत लांब सी असेल तर ती तार गिटारवरून लावून घ्या. व्हायोलाचीही. आणि हो, गिटार लिहिलेल्या स्वराच्या एक सप्तक खाली वाजते. काही रचनाकार मात्र ती खऱ्या उंचीवर लिहितात, म्हणून स्वरलिपीच्या सुरुवातीची सूचना तालमीआधीच वाचा.

फीडबॅकचा स्वर (अँपचा आवाज गिटारमध्ये परत शिरून आपोआप टिकणारा) मागितला असेल तर अँपपासून कुठे उभं राहिल्यावर तो धरतो ते शोधून तिथे जमिनीवर टेप लावा. सभागृह बदललं की पुन्हा शोधा.

राहता राहिली गुणगुण. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची दुप्पट १००, आणि चेलोची मोकळी जी तार ९८च्या आसपास. म्हणजे शांत जागी चेलोवाला जी धरतो आणि शेजारी अँप त्याच्याशी हुज्जत घालतो. गुणगुण मारणारा हंबकर पिकअप लावा, सगळे अँप विजेच्या एकाच बोर्डावर घ्या, दिव्यांच्या डिमरची लाइन वेगळी मागा, आणि विरामात गिटारचं बटण शून्यावर ठेवा. डिमरचं आदल्या दिवशीच सांगा. ऐन वेळी लाइटवाला सापडत नाही.