आइसलँडचा रिंग रोड: व्हॅन ठरवण्यापासून परत करेपर्यंत

तारखा आधी ठरवा, मुक्काम नंतर. जून ते ऑगस्ट हा व्हॅनवाल्यांचा, म्हणजे भाड्याच्या व्हॅनमध्येच झोपणाऱ्या-रांधणाऱ्यांचा मोसम. रस्ते मोकळे, कॅम्पसाइट उघड्या, आणि जूनच्या उत्तरार्धात रेक्याविकला सूर्य मध्यरात्रीनंतर मावळून तीनच्या आत परत वर येतो. भाडंही तेव्हाच सगळ्यात चढं, त्याला इलाज नाही. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात ते उतरतं, आकाश साफ असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसतो, पण महिन्याच्या मध्यापासून बऱ्याच कॅम्पसाइट बंद व्हायला लागतात. तेव्हा जाणार असाल तर एकेकीची बंद होण्याची तारीख बघून ठेवा. हिवाळ्यात व्हॅन हा विचार सोडूनच द्या. बर्फावर चालवण्याचा सराव नसेल तर त्या दिवसांत हॉटेल आणि बसच बरी.

बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता, म्हणजेच रिंग रोड, साधारण 1,320 किलोमीटरचा. आठवड्यात होतो, पण मग सगळं काचेतूनच बघायचं. दहा-बारा दिवस ठेवा आणि त्यातले दोन कोरे सोडा. या दोन दिवसांत काय करायचं ते वारा ठरवेल. तो काय करतो, ते पुढे येईलच.

कागदपत्रांचं भराभर सांगतो. शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो, आणि मे-जूनसाठी अपॉइंटमेंट मिळवतानाच दमछाक होते. किमान 30,000 युरोचा प्रवास विमा सक्तीचा. व्हॅनमध्ये झोपणाऱ्याकडे हॉटेलची बुकिंग नसतात, म्हणून व्हॅनची पावती, पहिल्या आणि शेवटच्या रात्रीचं हॉटेल, आणि मधल्या प्रत्येक तारखेपुढे कॅम्पसाइटचं नाव असलेला तक्ता जोडा. हा तक्ता व्हिसासाठी. प्रत्यक्षात तो बदलणार हे गृहीत धरा. आपलं इंग्रजीतलं लायसन्स तिथे चालतं, तरी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून ठेवा, कारण काही भाडे कंपन्या तो मागतात. सारथी पोर्टलवरून अर्ज, 1,000 रुपये फी, मुदत एक वर्ष. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं हवं, कारण त्यावर डिपॉझिट अडवून ठेवतात आणि प्रीपेड फॉरेक्स कार्ड या कामाला सहसा चालत नाही. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार घरूनच सुरू करा आणि कार्डाचा पिन पाठ करा. पेट्रोल पंप बहुतेक स्वयंसेवा आहेत, तिथे टॅप करून भागेलच असं नाही. पंपावर कार्ड अडलंच, तर माणूस असलेल्या पंपाच्या दुकानात प्रीपेड इंधन कार्ड मिळतं.

आता व्हॅन. दोघांना छोटी पुरते. मुलं असतील तर मोठी घ्या, पण जितकी उंच तितकी वाऱ्याला जास्त सापडते. बुकिंगआधी एकच प्रश्न नक्की विचारा: इंजिन बंद असताना हीटर रात्रभर चालतो का? नाही म्हणाले तर दुसरी कंपनी बघा. फोर-बाय-फोरचे जादा पैसे फक्त डोंगराळ मध्यभागात जायचं असेल तरच मोजा. नकाशावर ज्या रस्त्यांच्या नंबराआधी एफ असतो, तिथे साधी गाडी नेणं बेकायदा आहे. ते साधारण जूनअखेर ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडे असतात आणि त्यातल्या काहींवर नद्या ओलांडाव्या लागतात. नदीत गाडीचं काही झालं तर विमा हात वर करतो. लांडमन्नालॉयगरचे रंगीत डोंगर बघायचेच असतील तर उन्हाळ्यात रेक्याविकहून बस जाते, व्हॅन खाली ठेवून खुशाल जा.

विम्याचा कागद मात्र चहा घेत सावकाश वाचा. खडीपासूनचं संरक्षण घ्या, कारण समोरून येणारी गाडी काचेवर दगड उडवतेच. दक्षिण किनाऱ्याने जाणार असाल तर वाळू आणि राखेचंही घ्या, तिथली वाळू वादळात गाडीचा रंग खरवडून काढते. आणि बारीक अक्षरात एक ओळ शोधा: वाऱ्याने दार मोडलं तर ते बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही.

दार मोडणं म्हणजे काय, हे केफ्लाविक विमानतळाबाहेर व्हॅन ताब्यात घेतानाच समजावून सांगतात. नीट ऐका आणि तिथेच करून बघा. गाडी शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उभी करायची. काच खाली घ्यायची, एक हात बाहेर काढून दाराची कड घट्ट धरायची, दुसरा आतल्या हँडलवर, आणि मग कडी सोडायची. एका वेळी एकच दार. दोन्हीकडची उघडलीत तर पावत्या, टोपी, चिप्सचं पाकीट सगळं लाव्हाच्या शेतात जातं. पाठीमागून वारा असताना दार नुसतं सोडलं, तर ते बिजागरीसकट उलटं वळतं. मुलांना स्वतः दार उघडायची बंदी, अख्खी सहल.

हवामानखात्याचे आकडे वाचायलाही घरीच शिका. तिथे वारा सेकंदाला मीटरमध्ये सांगतात, आणि आकडा लहान दिसतो म्हणून माणूस गाफील राहतो. 3.6 ने गुणा, की 20 म्हणजे ताशी 72 किलोमीटर हे लक्षात येतं. उंच व्हॅनला 15 च्या पुढे जपून, 20 ला किल्ली खिशात आणि चहा गॅसवर. अचानक येणाऱ्या झोताचा आकडा वेगळा दिलेला असतो, निर्णय त्याच्यावर घ्यायचा. कियालार्नेस, हाफ्नारफ्याल, एयाफ्योल डोंगराचा पायथा आणि स्काफ्ताफेलच्या आसपासचा पट्टा, ही वाऱ्याची बदनाम ठिकाणं. रस्त्याकडेला वाऱ्याचा आकडा दाखवणारे विजेचे फलक असतात, ते शोभेचे नाहीत. फोनवर हवामानखातं, रस्त्यांची स्थिती सांगणारी उम्फेर्दिन ही साइट आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठीची सेफट्रॅव्हल ही तीन पानं ठेवा आणि रोज सकाळी निघण्याआधी बघा. तातडीचा नंबर 112, त्याचं ॲपही आहे.

गाडी उजवीकडून चालवायची, गिअर उजव्या हाताला. आइसलँडनेही 26 मे 1968 लाच डावी बाजू सोडली, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका. तासभर विमानतळाजवळच्या रिकाम्या रस्त्यांवर फिरून मगच शहरात शिरा. दोन लेनच्या गोलाकार चौकात आतल्या लेनच्या गाडीला बाहेर पडताना आधी जाऊ द्यायचं, हा तिथला खास नियम. गावात 50, खडीवर 80, डांबरावर 90. दंड असा, की त्यात दोन रात्रींचा मुक्काम व्हावा. दिवे दिवसाही चालू. एकेरी पूल आला की वेग कमी करा, जो आधी पोहोचेल तो आधी जाईल, आणि डिपर मारून घुसण्याची आपली सवय पुण्यातच ठेवून या. फोटोसाठी रस्त्यात थांबू नका, कडेला जागाच नसते. मेंढ्या आल्या तर थांबा. आई एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर कोकरू पळत येणारच. रस्ता सोडून गवतात किंवा वाळूत गाडी घालणं गुन्हा आहे, तिथल्या शेवाळावर उठलेला चाकाचा माग वर्षानुवर्षं राहतो.

जिथे मन रमेल तिथे गाडी लावून झोपायचं, हे चित्र डोक्यातून काढा. 2015 पासून जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कॅम्पसाइटबाहेर व्हॅनमध्ये रात्र काढता येत नाही. कॅम्पसाइट आधीपासून बुक न करण्यातच मजा आहे, कारण उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी जागा मिळते आणि वारा फिरला की तुम्हीही फिरू शकता. दोन मोठ्या माणसांना आणि चार मुलांपर्यंतच्या कुटुंबाला 28 रात्री देणारं कॅम्पिंग कार्ड मिळतं. पण त्यातल्या साइट तुमच्या वाटेवर आहेत का आणि उघड्या आहेत का, हे बघूनच घ्या.

खाण्याची बॅग भरताना आजी-आई-सासू यांचं एकमत होतं, म्हणून आधीच सांगतो: युरोपाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या घरीच राहू द्या. पोहे, भाजणी, मेतकूट, कोरडी चटणी, मसाले, भाकरवडी न्या. एकूण 3 किलोची मर्यादा धरून चला. लहान कुकर न्याच, एका शेगडीवर खिचडी त्याच्याशिवाय होत नाही. फोडणी दार उघडून, आणि मोहरी तडतडेपर्यंत थांबायला वारा तयार नसेल तर मोहरीविना. बंद व्हॅनमध्ये शेगडीवर ऊब घेत बसू नका, त्यात जीव जातो. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे बोनस किंवा क्रोनान या दुकानांतून पहिल्याच दिवशी भरून घ्या. आणि स्कीर घ्या. ते आपल्या चक्क्यासारखं घट्ट असतं, थोडं पाणी आणि मीठ घालून भातावर घेतलं की रात्रीच्या जेवणाचा प्रश्न मिटतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं थंड पाणी उत्तम आहे. गरम पाण्याला मात्र बऱ्याच ठिकाणी गंधकाचा वास येतो, ते अंघोळीला.

कपड्यांत सुती काही नको. आत लोकरीचे, बाहेर पावसाचं जॅकेट आणि पावसाची पँट, दोन्ही. छत्री नेऊ नका. रात्रीसाठी डोळ्यांवरची पट्टी आणि रबरी गरम पाण्याची पिशवी, या दोन वस्तूंवरून घरात भांडणं होतात, म्हणून माणशी एकेक.

लहान व्हॅनमध्ये ना संडास ना न्हाणी. त्याची उत्तम सोय म्हणजे गावोगावचे तरणतलाव, जमिनीतल्या उष्णतेने तापलेले आणि खिशाला परवडणारे. पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता, साबण लावून अंघोळ करायची, इतरांसमोर. यातून सूट नाही. निघण्याआधीच मनाची तयारी करा, तिथे टॉवेल गुंडाळून खोळंबलेले आपलेच लोक दिसतात.

वाटेतल्या थोड्या खुणा. विक ते होफ्न साधारण 270 किलोमीटर आणि मिवात्न ते एगिल्सस्टाडिर 165, दोन्हीकडे वस्ती विरळ, तेव्हा टाकी अर्धी झाली की भरा. पूर्वेकडे फोनवरचा नकाशा 939 नंबरचा ऑक्सी घाट जवळचा म्हणून सुचवतो. खडीचा, खडा आणि अनेकदा धुक्यातला तो रस्ता व्हॅनने टाळा आणि किनाऱ्याने जा. रेनिसफ्याराच्या काळ्या वाळूवर पाण्याकडे पाठ करू नका. शांत दिसणाऱ्या समुद्रातून एखादी लाट अचानक खूप आत येते आणि तिने माणसं नेलेली आहेत. फलकावर लाल दिवा असेल तर खाली उतरूच नका. आकुरेरीजवळचा वाड्लाहेडी बोगदा टोलचा आहे, पण तिथे नाका नाही. पैसे ऑनलाइन भरायचे, नाहीतर बिल भाडे कंपनीमार्फत दंडासह येतं. धबधब्यांच्या पार्किंगचंही तसंच, त्यासाठी पार्का हे ॲप फोनवर आधीच घेऊन ठेवा.

शेवटची रात्र केफ्लाविकच्या जवळ काढा. उरलेला तांदूळ आणि अर्धा गॅस फेकू नका, रेक्याविकच्या कॅम्पसाइटवर पुढच्यांसाठी ठेवायचं कपाट असतं. पहिल्या दिवशी तिथूनच सुरुवात केलीत तर मीठ, तेल विकत घ्यावं लागत नाही. व्हॅन परत करताना टाकी भरलेली, कचरा काढलेला, आणि घेताना काढलेला व्हिडिओ फोनमध्ये हाताशी. काचेवरची ती बारीक टिकली आधीची होती, हे तेव्हाच दाखवता येतं.