घरगुती सेवांचं ऑनलाइन व्यासपीठ: आधी कारागीर, मग अ‍ॅप

प्लंबिंग, वायरिंग, सफाई, रंगकाम असं सगळं एकदम सुरू करू नका. एकच सेवा घ्या आणि दुचाकीवर 20 मिनिटांत या टोकाहून त्या टोकाला जाता येईल एवढाच भाग धरा. प्रवास वाढला की मिस्त्रीची दिवसाची 4 कामं 2 वर येतात, आणि कमाई घटली की तो तुमचा फोन उचलत नाही.

सुरुवातीला 6 कारागीर पुरे. रोज 4 कामं धरली तर 24 बुकिंगची सोय होते. रोज निदान 12 बुकिंग येत नाहीत तोवर सातवा माणूस घेऊ नका. ओळखपत्र आणि पत्ता तपासा, दोन जुन्या गिऱ्हाइकांशी बोला, मग पैसे देऊन एक चाचणीचं काम करून घ्या. कागदपत्रांवरून हात कळत नाही.

अ‍ॅप आत्ता नकोच. फॉर्म, स्प्रेडशीट आणि फोन यांवर पहिली 100 बुकिंग स्वतः लावा.

खरी मेहनत दरपत्रकावर घ्या, कारण बहुतेक भांडणं तिथूनच निघतात. ‘नळदुरुस्ती’ एवढंच लिहून भागत नाही. असं लिहा: ‘एक गळका नळ, वॉशर किंवा कार्ट्रिज बदलणं, फक्त मजुरी, सुट्या भागाचे पैसे वेगळे.’ गळती भिंतीतल्या पाइपात निघाली तर? तपासणी शुल्क घ्यायचं, नवा अंदाज लेखी पाठवायचा आणि गिऱ्हाईक ‘हो’ म्हणेपर्यंत भिंतीला हात लावायचा नाही. पाऊण तासाच्या कामाला दीड तासाचा स्लॉट ठेवा, नाहीतर सकाळचा उशीर संध्याकाळपर्यंत साचत जातो.

गिऱ्हाईक आणि कारागीर पुढचं काम परस्पर ठरवू लागतील. नंबर लपवून हे थांबत नाही. दोघांनाही तुमच्याकडून काहीतरी मिळायला हवं: गिऱ्हाइकाला 30 दिवसांची हमी, कारागिराला त्याच दिवशी पैसे. आठवड्याच्या सफाईसारख्या कामात ओळख पक्की होते, त्यामुळे काम असं परस्पर ठरण्याचं प्रमाण सर्वाधिक. तिथे दर फेरीच्या कमिशनपेक्षा माणूस जोडून दिल्याचं एकदाच शुल्क घेणं बरं.

दर आठवड्याला एक आकडा जरूर काढा: आलेल्या मागण्यांपैकी किती ठरल्या वेळी पूर्ण झाल्या. 10 पैकी 8 च्या खाली गेलात तर जाहिरात थांबवा आणि आधी कारागिरांचं वेळापत्रक सुधारा.