मॅस्टोडॉन, ब्लूस्काय वापरताय? कायद्याबाबत या चुका टाळा

"इथे कुणी मालकच नाही, मग कायदा धरणार कुणाला?" मॅस्टोडॉन या अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून चालणाऱ्या सोशल नेटवर्कवर नव्याने आलेल्यांची ही समजूत मला खरंच काळजीत टाकते. मालक आहेत, फक्त ते अनेक आहेत. प्रत्येक सर्व्हर कुठल्या ना कुठल्या देशात, कुणाच्या तरी जबाबदारीवर चालतो. शिवाय सर्व्हर जर्मनीत असला, तरी बदनामी किंवा धमकीच्या पोस्टबद्दल तुम्ही राहता तिथला कायदा तुम्हालाच जाब विचारू शकतो.

थेट संदेशांना खासगी समजणं ही त्याहून मोठी चूक. मॅस्टोडॉनवरचे हे संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल असे कुलूपबंद) नसतात; सर्व्हरच्या डेटाबेसपर्यंत ज्याचा हात पोहोचतो, त्याला ते वाचता येतात. मे २०२३मध्ये एफबीआयने अमेरिकेतल्या कोलेक्टिवा या सर्व्हरच्या एका ॲडमिनच्या, म्हणजे तो चालवणाऱ्याच्या, घरावर छापा घातला. प्रकरण सर्व्हरशी संबंधित नव्हतं, पण जप्त झालेल्या सामानात डेटाबेसची एन्क्रिप्ट न केलेली प्रतही गेली. हजारो निरपराध लोकांची माहिती त्यात होती. नाजूक बोलणं सिग्नलसारख्या एन्क्रिप्टेड मेसेजिंग ॲपवर करा.

सर्व्हर निवडताना डोमेनचं, म्हणजे त्याच्या वेब-पत्त्याचं, शेपूट बघायचं राहून जातं. 'डॉट एएफ' दिसायला गमतीदार, पण ते अफगाणिस्तानचं. फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबान सरकारच्या मंत्रालयाने 'क्विअर डॉट एएफ' हे डोमेन बंद केलं आणि तो मॅस्टोडॉन सर्व्हर त्या पत्त्यावरून नाहीसा झाला. नव्या सर्व्हरवर फॉलोअर हलवायचे, तर जुना सर्व्हर चालू असावा लागतो. पोस्ट तर हलतच नाहीत. म्हणून सेटिंगमधून फॉलो केलेल्यांची यादी आणि पोस्टचा संग्रह आत्ताच उतरवून ठेवा.

पोस्ट पुसली की विषय संपला, असंही नाही. तिच्या प्रती इतर सर्व्हरवरही गेलेल्या असतात. तुमचा सर्व्हर त्यांना 'हे पुसा' असा निरोप पाठवतो, पण तो पाळायला त्यांना तांत्रिकदृष्ट्या भाग पाडता येत नाही. युरोपच्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यातलं १७वं कलम माहिती पुसून घेण्याचा हक्क देतं, मात्र प्रत उरली असेल त्या सर्व्हरच्या ॲडमिनला तुम्हाला वेगळं लिहावं लागू शकतं. लिहिताना पोस्टची नेमकी लिंक द्या.

ॲप अचानक उघडेना, तर लगेच खातं काढून टाकू नका. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या वय-पडताळणी कायद्यामुळे ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कने तिथल्या लोकांसाठी आपलं ॲप बंद केलं. खाती मात्र शाबूत होती. आधी सेवेची सूचना वाचा.

आणि हौसेने स्वतःचा सर्व्हर चालवत असाल, तर 'आमचं छोटंसं आहे' हे उत्तर सगळीकडे चालत नाही. युरोपचा डिजिटल सेवा कायदा छोट्या उद्योगांना काही सवलती देतो, सगळ्या नाही. अमेरिकेत कॉपीराइटच्या दाव्यांपासून डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याचं संरक्षण हवं असेल, तर तक्रारी घेणाऱ्याचं नाव कॉपीराइट कार्यालयात नोंदवावं लागतं. शुल्क ६ डॉलर. दर ३ वर्षांनी ती नोंदणी नव्याने करावी लागते, आणि नेमकं तेच विसरलं जातं.